पेत्कानाची दोन कार्डं

पेत्कानाच्या अंगणातून परदेश दिसायचा. परदेश म्हणजे काय, तर थोरल्या बहिणीच्या घराचं छप्पर, तिचं आलुबुखाराचं झाड आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. मध्ये एक ओढा. पाणी किती, तर ऑगस्टात कोंबडीचे पाय भिजतील एवढं. पण अलीकडचा काठ बल्गेरियाचा आणि पलीकडचा सर्बियाचा. हे ठरवलं कुणी, तर पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसात बसून नकाशावर रेघा मारणाऱ्या साहेबांनी. त्यांनी द्रेनोवित्सा नावाचं गाव जन्मात पाहिलं नव्हतं. गावाचे दोन तुकडे झाले. चर्च तिकडे गेलं, कबरस्तान इकडे राहिलं. आता प्रार्थना कुठं म्हणायची आणि मेलेल्याला पुरायचं कुठं, ते तुमचं तुम्ही बघा!

तरी सुरुवातीला चालून जायचं. लोकांची शेतं दोन्हीकडे होती, शिपायाला चिठ्ठी दाखवली की माणूस ओढा ओलांडून नांगरायला जाई आणि संध्याकाळी परत येई. लग्नंही व्हायची. पेत्कानाची थोरली बहीण दोब्रिला सत्तेचाळीस साली अशीच ओढा ओलांडून सासरी गेली. पेत्काना तेव्हा चौदा वर्षांची. करवली म्हणून मिरवत पलीकडे गेली आणि वरातीतली रोटी खाऊन नाचत परत आली. पुढच्याच वर्षी दोन्हीकडच्या बड्या लोकांचं आपसांत बिनसलं, आणि ओढ्याकाठी काटेरी तार आली, नांगरून ठेवलेला पट्टा आला, कुत्री आली. बावन्न साली पेत्कानाचा चुलतभाऊ रांगेल, चुकलेलं वासरू आणायला म्हणून ओढ्यात उतरला. त्याला गोळी घातली. पेत्काना तेव्हा काठावर कपडे धूत होती. वासरू आपल्या पायांनी घरी आलं.

ही पेत्काना कुणी मोठी बाई नव्हे. चार इयत्ता शिकलेली, पुढे सहकारी शेतावर तंबाखूची पानं ओवून बोटं काळी करून घेतलेली, नवऱ्याला पुरून एकटी राहिलेली, मुलगा वर्षातून दोनदा राजधानीहून फोन करतो एवढ्यावर समाधान मानणारी. तोंडाची फटकळ. पोस्टमनबाईपासून पाद्रीबुवापर्यंत कुणाची भीड ठेवायची नाही. पण एक गोष्ट तिनं चोपन्न वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आणि ती अशी होती.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत त्यांची आई वारली. दोब्रिला पलीकडे. तिला मातीला यायचं तर परवानगी हवी, आणि परवानगीसाठी इकडच्या एका नातेवाइकानं ठाण्यावर जाऊन कागदावर सही करायची: येणारी बाई माझी बहीण आहे, ती तीन दिवसांत परत जाईल, तिची जबाबदारी माझी. बस्स, एवढंच. पेत्काना ठाण्यावर गेली. तिथल्या साहेबानं कागद पुढं केला, पेन दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे यजमान सरहद्दीच्या जंगलात रखवालदार आहेत ना? पलीकडे इतकं जवळचं नातं आहे, हे त्यांच्या कागदात दिसत नाही हो कुठं." दुसरं काही म्हणाला नाही. पेत्कानानं पेन खाली ठेवलं आणि घरी आली. सही केलीच नाही.

तिरडी नव्हे, आमच्याकडे पेटीत घालून नेतात. तर ती पेटी बर्फातून कबरस्तानाकडे निघाली तेव्हा ओढ्यापलीकडे दोब्रिला उभी होती. काळं फडकं बांधून, तारेला दोन्ही हातांनी धरून. तिचं रडणं इकडे ऐकू येत होतं. पेत्कानानं मान वर केली नाही.

पुढे वर्षातून एकदा, उन्हाळ्यातल्या जत्रेच्या दिवशी, दोन्ही सरकारं तारेपाशी लोकांना भेटू देऊ लागली. पहिल्याच जत्रेत दोब्रिला तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "पेत्के, मला माफ कर गं. मला परवानगी दिली नाही. मी मेले असते तरी बेहत्तर, त्या दिवशी ओढा ओलांडून यायला हवं होतं. आई माझ्याविना गेली. मी भ्याले."

पेत्काना म्हणाली, "माफ कसलं करायचं त्यात!"

माफ केलं असं म्हणाली नाही, आणि खरं काय तेही सांगितलं नाही. तिथून पुढं दरवर्षी तेच. तारा निघाल्या, सरकारं बदलली, पेत्कानाचा देश युरोपच्या संघात गेला, आणि आता नियम असा की संघातल्या कुठल्याही देशाचा माणूस नुसतं ओळखपत्र दाखवून सर्बियात जाऊ शकतो. व्हिसा नको, पासपोर्ट नको, तीन महिने राहा. पेत्काना तीन-चारदा बसनं फेरा मारून जाऊनही आली. प्रत्येक वेळी दोब्रिला कॉफी ठेवता ठेवता तेच काढायची: "मी आले नाही गं आईच्या मातीला." प्रत्येक वेळी पेत्कानाच्या जिभेवर यायचं, आणि प्रत्येक वेळी ती कॉफीबरोबर गिळायची. मग गुडघे गेले, आणि चार वर्षं जाणंच झालं नाही.

त्या ऑगस्टातल्या मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला. पलीकडून दोब्रिलाची मुलगी स्लावित्सा बोलत होती.

"मावशी, आई दोन दिवस पाण्याच्या थेंबाला शिवली नाही. डॉक्टर म्हणतो, आजचा दिवस. पण जीव जात नाही गं तिचा. सारखी दाराकडं बघते. 'पेत्का आली का, पेत्का आली का.' तुझी वाट बघतेय."

"फोन दे तिच्या कानाला."

"काय उपयोग? ती ठार बहिरी झालीय. कानात ओरडलं तरच थोडंसं कळतं."

आमच्याकडे पक्की समजूत आहे, की मरणाऱ्यानं सगळ्यांची माफी मागायची आणि सगळ्यांनी 'माफ असो' म्हणायचं. एक जरी राहिला तरी जीव अडकतो. पेत्काना फोन ठेवून खाटेवर बसली. आता मात्र सांगायचंच. तिच्या कानात ओरडून सांगायचं, की बाई गं, तू कसली माफी मागतेस, तुला अडवणारी मी. आज नाही तर कधीच नाही.

तिनं शेजारच्या क्रुमला हाक मारली. क्रुम पन्नाशीचा गडी. त्याची गाडी त्याच्याहून थोडीच लहान.

"क्रुम्या, मला पलीकडे ने."

"पलीकडे?" तो ओढ्याकडे बघून हसला. "आजी, दगडावर पाय देऊन जा की. माझी गाय रोज जाते. परदेशी गवत खाऊन आल्यापासून दूधही जरा मिजासखोर देते."

"थट्टा सोड. अक्का चाललीय."

क्रुमचं हसू मावळलं. "आजी, पण खरंच सांगतो. नाक्यावरून जायचं म्हणजे इकडून ऐंशी किलोमीटर आणि तिकडून साठ. सध्या जर्मनीला परत जाणाऱ्या तुर्कांच्या गाड्यांची ही लांबलचक रांग असते. आणि इथून? चारशे पावलं."

"मी चोरून जाणार नाही. कायद्यानं जाईन. माझ्याजवळ कार्ड आहे." तिनं ब्लाउजच्या आत हात घालून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर नाचवलं. "बघ. जन्मभराचं आहे. मुदतच नाही!"

आठला निघाले, दहाला नाक्यावर पोचले, आणि रांगेत दीड तास गेला. गाडीत भट्टी. क्रुम घाम पुशीत तुर्कांच्या टपावरचं सामान मोजत होता: गालिचे, सायकली, एकावर तर अख्खं कपाट. "सासुरवाडीला निघालेत की घर लुटून?" तो म्हणाला. पेत्काना हसली नाही. ती ओठातल्या ओठात वाक्य घोळवत होती. अक्का, ऐक, सही मी केली नाही. अक्का, ऐक.

खिडकीत एक तरुण पोलीस बाई होती. केस घट्ट बांधलेले, चेहरा दमलेला. तिनं कार्ड यंत्राखाली धरलं, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा धरलं.

"आजीबाई, हे कार्ड तुमचंच?"

"नाहीतर काय तुझ्या आजीचं? फोटो बघ. तेव्हा दात होते एवढाच फरक."

"हे कार्ड हरवलं म्हणून तुम्हीच नोंद केलीत. दोन वर्षांपूर्वी."

"हरवलंच होतं. मग सापडलं."

"सापडलं तर ठाण्यात आणून द्यायचं असतं. एकदा हरवलं म्हणून लिहून दिलं की ते कार्ड संपलं. त्याच्यावर कुठंही जाता येत नाही."

"अगं पण मी आहे ना जिवंत! मी हरवले नाही ना!"

"तुमचं नवं कार्ड कुठंय? तुम्हाला नवं दिलेलं दिसतंय."

"घरी आहे."

"घरी ठेवून कशाला आलात?"

आता ह्याचं उत्तर पेत्कानाजवळ होतं, आणि ते आमच्या भागातली कुठलीही म्हातारी ऐकती तर तिनं मान डोलावली असती. आमच्याकडे साठी उलटली की बाई मरणाचं गाठोडं बांधते. नवी कोरी वस्त्रं, नवे मोजे, न घातलेल्या चपला, टॉवेल, मेणबत्त्या. नवं ते सगळं गाठोड्यात, आणि जिवंतपणी जुनं-पानं वापरायचं. देवापुढं फाटकं कसं जायचं? पेत्कानाची शेजारीण भर जुलैत गेली, तेव्हा तिचं ओळखपत्र सापडेना, आणि ओळखपत्र जमा केल्याशिवाय मृत्यूचा दाखला मिळेना. दोन दिवस प्रेत घरात, बाहेर पस्तीस अंश ऊन. ते बघून पेत्कानानं आपलं कार्ड गाठोड्यात घालून टाकलं, की मुलाला त्रास नको. आणि साफ विसरून गेली. मग घर पालथं घातलं, रडली, तालुक्याला जाऊन हरवलं म्हणून लिहून दिलं, नवं करून घेतलं. पुढल्या वसंतात गाठोडं उन्हात घातलं, तर मोज्याच्या आत जुनं कार्ड! तिनं सरळ हिशेब केला: दोन कार्डं झाली. जुनं आहे ते हिंडाफिरायला, नवं चकचकीत आहे ते मरणाला. पेन्शन आणणारी पोस्टमनबाई तर कार्डाकडे बघायचीही नाही.

"ते गाठोड्यात आहे," पेत्काना म्हणाली. "मरणाच्या."

बाईला आधी कळलं नाही. मग तिनं डोळे मिटले आणि नाकाचं हाड दोन बोटांत धरलं. बहुधा तिच्याही घरी एक म्हातारी असावी. "आजीबाई, मी तुम्हाला सोडलं तरी पलीकडच्या खिडकीतून तुम्हाला परत पाठवतील. त्यांच्याही यंत्रात हे दिसतं."

"बहीण मरतेय माझी. संध्याकाळपर्यंत राहायची नाही. पोरी, तुझ्या पाया पडते. मला तिला एकच वाक्य सांगायचंय, एकच! सांगून लगेच परत येते. हवं तर एक शिपाई दे बरोबर."

"मला हे कार्ड ठेवूनच घ्यावं लागतं," ती बाई हळू म्हणाली. "नियमच आहे. नवं घेऊन या. मी सातपर्यंत इथंच आहे. रांगेत थांबू नका, सरळ माझ्याकडे या."

मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. बाईनं एक कागद पुढं केला: कार्ड जप्त केल्याचा. पेत्कानानं पेन घेतलं आणि मुकाट्यानं सही केली. सही करतानाच तिच्या मनात आलं, आज कशी झाली लगेच. त्या दिवशी हाताला काय झालं होतं? तिला स्वतःची अशी किळस आली की कागदावर थुंकावंसं वाटलं.

परतीच्या वाटेवर क्रुम गाडी पळवत होता आणि बडबडत होता. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. आजी, कोरं कार्ड मढ्याला आणि बाद कार्ड सरकारला! हे सुचतं कसं गं तुम्हा बायकांना?"

"गप रे मेल्या."

दोन वाजता ती घरी पोचली. पेटी उघडली, गाठोडं सोडलं, काळ्या झग्याच्या घडीतून नवं कार्ड काढलं. गाठोडं बांधायलाही थांबली नाही. मोजे जमिनीवर पडले ते तसेच. बाहेर आली तर क्रुम गाडीपाशी नव्हता. तो अंगणाच्या टोकाला उभा राहून, हातांचा भोंगा करून ओढ्यापलीकडे ओरडत होता.

"स्लावित्सा! ए स्लावित्सा!"

पलीकडे छपराखालून एक बाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघू लागली, आणि मग धावतच उताराला लागली. क्रुमनं पेत्कानाचा दंड धरला. "चल आजी. अजून आहे ती. असती गेली तर घंटा वाजली असती. चल, पाच मिनिटांचं काम."

"गस्तीची जीप?"

"जीप गिरणीपाशी उभी आहे. दोघं कलिंगड खातायत, मी बघून आलो. ते निर्वासित पकडायला आलेत, तुला काय करतील? फार तर दंड. मी भरतो दंड!"

ओढ्याकाठी जुना दगड आहे, त्यावर आकडा कोरलेला. एका बाजूला आपलं अक्षर, दुसऱ्या बाजूला त्यांचं. पेत्काना त्या दगडापाशी आली. पलीकडे स्लावित्सा पोचली होती, केस सुटलेले, ॲप्रनला हात पुशीत.

"मावशी, ये! आत्ता शुद्धीवर आहे. तुझं नाव घेतेय. ये, मी हात देते." ती पाण्यात उतरली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिनं हात लांब केला.

पेत्कानानं एक चप्पल काढली. खरंच काढली. पाय उचलला. आणि गिरणीकडून जीपचं दार बंद झाल्याचा आवाज आला. बस्स, नुसता दाराचा आवाज. तिला रांगेल दिसला, ह्याच जागी पालथा पडलेला, आणि आपल्या हातातला ओला कपडा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तारा निघून पंचवीस वर्षं झाली होती, पण ती तार पेत्कानाच्या पोटातून काही कुणी काढली नव्हती. तिनं पाय परत खाली ठेवला, अलीकडच्याच गवतावर.

"मी रीतसर येते," ती म्हणाली. "कार्ड आणलंय. हे बघ. नाक्यावरून येते मी."

"रीतसर?" स्लावित्सा म्हणाली. "मावशी, ती जातेय गं! चार तास कुठून आणू मी तुला?"

"येते मी. तिला सांग, येतेय. थांब म्हणावं मला."

"चार पावलं गं मावशी!"

क्रुमनं रागानं टोपी गवतावर आपटली. "मी उचलून नेतो हिला!" म्हणाला आणि खरंच तिच्या कमरेत हात घातला. पेत्कानानं अशी किंकाळी फोडली, की त्यानं हात काढून घेतला. स्लावित्सा पाण्यातून मागे वळली आणि चढावर जाऊ लागली. तिची पाठ दिसत होती. पेत्काना चप्पल घालून गाडीत जाऊन बसली, आणि आपण भेकड आहोत, बाकी काही नाही, एवढंच तिला कळत होतं.

नाक्यावरच्या बाईनं शब्द पाळला. क्रुम रांग चुकवून पुढं गेला, तुर्कांनी शिव्या घातल्या, बाईनं नवं कार्ड यंत्राखाली धरलं आणि लगेच परत दिलं. "जा आजीबाई, लवकर जा." पलीकडच्या खिडकीतल्या माणसानं तर कार्डाकडे पाहिलंही नाही; तो सँडविच खात होता, त्यानं मनगटानंच 'चला' म्हटलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी अख्खा दिवस गेला होता. पेत्काना कार्ड मुठीत धरून बसली. पुढचा साठ किलोमीटरचा घाट, वळणावर वळण. क्रुमनं एकदाच विचारलं, "पाणी पितेस?" तिनं मान हलवली.

सातला पोचली. ऊन अजून छपरावर होतं. दाराबाहेर बाकावर माणसं बसली होती आणि दाराला काळं फडकं लावलेलं होतं. पेत्कानाला ते गाडीतूनच दिसलं. वरातीमागून घोडं. ती उतरली, आणि बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

दोब्रिलाला न्हाऊ-माखू घालून मधल्या खोलीत ठेवलं होतं. हातात मेणबत्ती, डोक्याला नवा रुमाल, चेहरा शांत. भोवती सात-आठ बायका. स्लावित्सा उठून आली आणि तिनं पेत्कानाला मिठी मारली. तिच्या अंगात राग नव्हता, हेच पेत्कानाला सहन होईना.

"कधी?"

"साडेचारला." स्लावित्सानं तिला खुर्चीवर बसवलं. "पण मावशी, तू मनाला लावून घेऊ नकोस. छान गेली ती. सुटून गेली. ही रुझा आली होती चारला." तिनं शेजारच्या एका ठेंगण्या म्हातारीकडे बोट केलं. "आईला वाटलं तूच. तुझ्यासारखीच बांध्याची ना. तिचा हात धरून म्हणाली, 'पेत्के, आलीस? मला माफ केलंस का गं, मी आईच्या मातीला आले नाही ते?'"

"मग?" पेत्कानानं विचारलं.

रुझानं पुढं होऊन डोळे टिपले. "मी काय करू बाई? तुम्ही पोचायच्या नाहीत हे दिसतच होतं. जीव टांगणीला लागलेला तिचा. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, 'आले गं अक्का! माफ केलं! सगळं माफ केलं!' कशी हसली म्हणून सांगू! चौदा दिवसांत पहिल्यांदा. आणि गेली. तुमच्या नावानं खोटं बोलले, तुम्ही राग मानू नका."

"राग कसला मानेल मावशी," स्लावित्सा म्हणाली. "तिनंही तेच म्हटलं असतं."

पेत्काना प्रेताजवळ गेली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली आणि बहिणीच्या कानाशी तोंड नेलं. आधी पुटपुटली. मग तिला आठवलं की अक्का बहिरी आहे, आणि ती मोठ्यानं बोलू लागली. बोलता बोलता आवाज चढला, हेल निघाला, आणि ज्या हेलात आमच्याकडच्या बायका मेलेल्याशी बोलत रडतात त्या हेलात आपोआप जाऊन बसला.

"उठ गं अक्का, ऐक गं अक्का! तू कसली माफी मागितलीस गं, चोपन्न वर्षं कसली मागितलीस! तुला सरकारनं नाही गं अडवलं, मी अडवलं! पेन हातात होतं गं माझ्या, मी सही केली नाही! तू तारेशी उभी होतीस, मी मान वर केली नाही! तू नाही गं भ्यालीस, मी भ्याले! आणि आज पुन्हा भ्याले गं, ओढ्यावर उभी राहिले आणि भ्याले! मला शिवी दे गं अक्का, तोंडावर थुंक माझ्या, एकदा तरी थुंक!"

खोलीतल्या बायका माना हलवत होत्या. एकीनं दुसरीच्या कानात म्हटलं, "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं. किती गुणाचं रडते!" दुसरी म्हणाली, "जुन्या बायकांनाच येतं असं. आताच्या पोरी नुसत्या नाक ओढतात." रुझा तर हुंदके देऊन रडू लागली.

पेत्काना थांबली. तिनं वळून एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर तिला हवं ते नव्हतं.

"स्लावित्सा," ती साध्या आवाजात म्हणाली, "मी रडत नाहीये. खरं सांगतेय. ठाण्यावर मी सही केली नाही. तुझ्या आईला मी येऊ दिलं नाही."

स्लावित्सानं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि केसांवरून हात फिरवला. "पुरे मावशी, पुरे. माणूस गेलं की सगळे असाच स्वतःला बोल लावून घेतात. मीही सकाळपासून तेच करतेय."

"अगं मीच नाही केली सही."

"हो, हो," स्लावित्सा म्हणाली, आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "हिला जरा साखरपाणी द्या कुणीतरी. सकाळपासून प्रवासात आहे बिचारी."